गुब्बिओ : डोंगर, नगर आणि सात कांस्यपट

मध्य इटलीच्या उंब्रिया प्रदेशात, आपेनाइन पर्वतराजीच्या कुशीत गुब्बिओ हे लहानसे नगर वसलेले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५२० मीटर उंचीवर, मोंते इंजिनो या डोंगराच्या पायथ्याच्या उतारावर त्याच्या करड्या दगडांच्या इमारती एकीवर एक अशा चढत गेलेल्या दिसतात. खाली सपाट मैदान आणि त्यात एका रोमन नाट्यगृहाचे अवशेष. मध्यभागी चौदाव्या शतकातील नगरसभेचा उत्तुंग प्रासाद. वर डोंगरमाथ्याजवळ नगराच्या संरक्षक संताचे मंदिर. प्रवासी या तीन पातळ्या पाहून परततो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र या नगराचे महत्त्व निराळ्याच कारणाने वाटते. येथील नगरप्रासादात जतन केलेले सात कांस्यपट हा उंब्रियन या लुप्त भाषेचा सर्वांत मोठा आणि जवळजवळ एकमेव विस्तृत पुरावा होय. किंबहुना प्राचीन इटलीतील धर्मविधींसंबंधीचा इतका सविस्तर मूळ लेख लॅटिनमध्येही उपलब्ध नाही.

या पटांनी इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा केला आहे. आपल्या पूर्वजांचे लेख ज्या नगराला शेकडो वर्षे वाचता येत नव्हते, त्या नगराची परंपरा अखंड आहे असे म्हणता येईल काय? आणि म्हणावयाचे झाल्यास ती परंपरा नेमकी कशात शोधावयाची? प्रस्तुत लेखात नगराचा इतिहास व त्याची प्रमुख स्थळे यांचा परामर्श याच प्रश्नाच्या अनुरोधाने घेतला आहे.

नगराचे नाव

परंपरेचा पहिला पुरावा नगराच्या नावातच आहे. कांस्यपटांत ‘इकुविन-’ व ‘इयुविन-’ अशी या नगराच्या लोकांची विशेषणे येतात. रोमन लेखकांनी नगराचा उल्लेख ‘इगुविउम’ असा केला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचे ‘एउगुबिउम’ झाले आणि आजचे इटालियन नाव ‘गुब्बिओ’ आहे. वरवर पाहता पहिल्या व शेवटच्या रूपांत फारसे साम्य दिसत नाही. परंतु यातील एकही फेरफार अनियमित नाही. आरंभीचा आघातरहित स्वर गळून पडणे ही इटालियनमधील परिचित प्रक्रिया आहे. लॅटिन ‘हिस्तोरिआ’पासून इटालियन ‘स्तोरिआ’ तसेच झाले. ‘व’ आणि त्यापुढील ‘य’सदृश स्वर यांचा संयोग होऊन ‘ब्बि’ होणे हेही तितकेच नियमित आहे. लॅटिन ‘कावेआ’ (पिंजरा) या शब्दापासून इटालियन ‘गाब्बिआ’ याच मार्गाने आला. येथील रहिवाशांना आजही ‘एउगुबिनी’ म्हणतात, म्हणजे नगराच्या नावातून गळालेला आद्य स्वर रहिवाशांच्या नावात टिकून राहिला आहे. सारांश, भाषा बदलली, बोलणारे बदलले, तरी नाव तोंडातोंडी न तुटता चालत आले. नावाची ही परंपरा सिद्ध आहे. इतर परंपरांना हीच कसोटी लावली पाहिजे.

पटांचा शोध

परंपरेने सांगितले जाते की, हे पट १४४४ मध्ये रोमन नाट्यगृहाच्या परिसरात सापडले. दस्तऐवजाच्या आधाराने निश्चित सांगता येते ते असे की, १४५६ मध्ये नगराने पाओलो दि ग्रेगोरिओ नावाच्या गृहस्थाकडून हे सात पट विकत घेतले आणि त्यांच्या मोबदल्यात त्याला चराऊ कुरणांसंबंधीचे हक्क दोन वर्षांसाठी दिले. हा व्यवहार विचार करण्यासारखा आहे. लेख कोणालाही वाचता येत नव्हता. तो कोणत्या भाषेत आहे हेही ठाऊक नव्हते. तरीही तो आपला आहे आणि आपल्याच नगरात राहिला पाहिजे, एवढे नगरसभेने जाणले.

सात पटांपैकी पाच दोन्ही बाजूंनी व दोन एकाच बाजूने कोरलेले आहेत. म्हणजे एकूण बारा पृष्ठांवर मजकूर असून त्यात सुमारे चार हजार शब्द आहेत. पहिले चार पट आणि पाचव्याचा बहुतेक भाग एट्रुस्कन लिपीपासून निघालेल्या उंब्रियन लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहिलेला आहे. पाचव्याचा शेवट, तसेच सहावा व सातवा हे पट लॅटिन लिपीत आहेत. भाषा मात्र सर्वत्र उंब्रियनच आहे. त्यांचा काळ सामान्यतः इ. स. पू. तिसरे ते पहिले शतक असा मानला जातो.

लिपी एट्रुस्कन कुळातील असल्यामुळे भाषाही एट्रुस्कनच असावी, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. लिपी व भाषा यांची गल्लत करण्याचे हे एक बोधप्रद उदाहरण होय. थॉमस डेम्प्स्टर यांच्या एट्रुरियाविषयक ग्रंथात, जो १७२३ ते १७२६ या काळात फ्लॉरेन्स येथे प्रसिद्ध झाला, या पटांच्या प्रतिकृती छापण्यात आल्या, त्याही एट्रुस्कन पुराव्यांच्या संदर्भात. वास्तविक एट्रुस्कन भाषा इंडो-युरोपीय नव्हे. उंब्रियन मात्र लॅटिनची निकटची आप्त आणि पर्यायाने संस्कृतची दूरची बहीण आहे.

वाचन आणि वाचक

हे नाते उलगडण्यात ज्यांचा वाटा आहे त्यांच्यात संस्कृतज्ञांची नावे आढळतात, हा योगायोग नव्हे. १८३३ मध्ये क्रिस्तिआन लासेन या जर्मन भारतविद्यापंडिताने या पटांच्या अर्थनिर्णयावर एक प्रबंधिका प्रसिद्ध केली. त्याच वर्षी, पुढे इजिप्तविद्येत कीर्ती मिळविलेल्या रिचर्ड लेप्सिउसने आपला डॉक्टरेटचा प्रबंध याच विषयावर सादर केला. परंतु खरा पाया घातला तो थिओडोर आउफ्रेख्त आणि आडोल्फ किर्खहोफ यांनी १८४९ ते १८५१ या काळात प्रसिद्ध केलेल्या उंब्रियन भाषाविषयक ग्रंथाने. ज्या आउफ्रेख्तने पुढे संपूर्ण ऋग्वेदसंहिता रोमन लिपीत संपादित केली (१८६१–६३) आणि संस्कृत हस्तलिखितांची ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम’ ही महासूची सिद्ध केली, तोच हा आउफ्रेख्त. त्यानंतर मिशेल ब्रेआल (१८७५), फ्रान्झ ब्यूखेलर (१८८३), जाकोमो देवोतो (१९३७) आणि जेम्स पोल्टनी (१९५९) यांनी या अध्ययनात मोलाची भर घातली.

अर्थनिर्णयाला एका सुदैवी गोष्टीचे साह्य झाले. पहिल्या पटावर जो विधी संक्षेपाने सांगितला आहे, तोच सहाव्या व सातव्या पटांवर सविस्तर आला आहे. संक्षिप्त पाठात केवळ सूचना आहेत : अमुक द्वारापाशी अमुक देवतेला अमुक पशू अर्पावा. विस्तृत पाठात त्याच सूचना आहेत आणि शिवाय त्या वेळी म्हणावयाच्या प्रार्थना पूर्णपणे लिहिल्या आहेत. दोन पाठ शेजारी ठेवून ताडून पाहता आल्यामुळे अनेक शब्दांचे अर्थ व रूपे निश्चित झाली.

तौलनिक व्याकरणाच्या दृष्टीने उंब्रियनची काही वैशिष्ट्ये ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. जेथे लॅटिनमध्ये ओष्ठ्यरंजित ‘क्व’ आहे तेथे उंब्रियनमध्ये ‘प’ येतो. संस्कृत ‘कः’, लॅटिन ‘क्विस’, उंब्रियन ‘पिस’. संस्कृत ‘चत्वारः’, मराठी ‘चार’, लॅटिन ‘क्वात्तुओर’, उंब्रियन ‘पेतुर-’ ही उदाहरणे पुरेशी आहेत. अग्नीला लॅटिनमध्ये ‘इग्निस’ म्हणतात, परंतु उंब्रियनमध्ये ग्रीकप्रमाणे ‘पिर’. पाण्याला लॅटिनमध्ये ‘आक्वा’, परंतु उंब्रियनमध्ये ‘उतुर’, ज्याचे नाते संस्कृत ‘उदन्’ आणि ‘उदक’ यांच्याशी आहे. लॅटिनने सामान्य व्यवहारातून टाकून दिलेला ‘नर’ हा शब्द उंब्रियनमध्ये ‘नेर्फ’ या द्वितीया बहुवचनात, नगरातील प्रमुख पुरुष या अर्थाने येतो.

याहून लक्षणीय आहेत त्या शब्दांच्या जोड्या. प्रार्थनांमध्ये ‘वेइरो पेक्वो’ अशी जोडी आढळते. तिचा अर्थ माणसे व गुरेढोरे. हे शब्द म्हणजे संस्कृत ‘वीर’ व ‘पशु’ यांचेच सगोत्र होत, आणि अवेस्तामध्ये ‘पसु-वीर’ असा सामासिक प्रयोग याच अर्थाने येतो. ‘दुपुर्सुस पेतुर्पुर्सुस’ ही दुसरी जोडी, म्हणजे द्विपादांसाठी व चतुष्पादांसाठी. वैदिक वाङ्मयाच्या वाचकाला ‘द्विपद्’ व ‘चतुष्पद्’ यांचे चतुर्थ्यन्त साहचर्य परिचित आहेच. एकेका शब्दाचे साम्य वंशसंबंध दाखविते. शब्दांच्या ठरावीक जोडीचे साम्य त्याहून अधिक काही सुचविते. प्रार्थना करावयाची ती कोणत्या शब्दांत, याचेही काही संकेत या भाषांच्या समान पूर्वजांपाशी होते, असे अनुमान त्यावरून काढले जाते.

डोंगर आणि नगर

पटांतील मुख्य विधी अतिएदियन नावाच्या पुरोहित-बंधुमंडळाकडून केले जात. विधीचा आरंभ पक्ष्यांच्या शकुनांनी होई. सुतार पक्षी, कावळा इत्यादी पक्षी कोणत्या दिशेस दिसावेत याचे नियम दिलेले आहेत. त्यानंतर नगराच्या तीन द्वारांपाशी क्रमाने बळी दिले जात : त्रेबुलान द्वारासमोर जुपिटर ग्राबोविउसला तीन बैल, तेसेनाकन द्वारासमोर मार्स ग्राबोविउसला तीन बैल आणि वेइयन द्वारासमोर वोफिओनुस ग्राबोविउसला तीन बैल. प्रत्येक द्वाराच्या मागील बाजूस आणखी एकेका देवतेला निराळे बळी असत.

या सर्व प्रार्थना दोन शब्दांभोवती फिरतात. एक ‘ओकर’, म्हणजे डोंगर अथवा डोंगरावरील दुर्ग, आणि दुसरा ‘तोता’, म्हणजे जनसमुदाय, नगर. ‘फिसियन डोंगरासाठी, इगुविन नगरासाठी’ या आशयाची पदे पुनःपुन्हा येतात. ‘ओकर’चा सगोत्र लॅटिन ‘ओक्रिस’ असून, ‘मेदिओक्रिस’ या शब्दात तो टिकून आहे. त्याचा मूळ अर्थ ‘डोंगराच्या मध्यापर्यंत पोहोचलेला’ आणि पुढे ‘मध्यम प्रतीचा’. संस्कृत ‘अश्रि’ (धार, कोन) हा शब्द त्याच कुळातील आहे. ‘तोता’ या शब्दाच्या जर्मानिक सगोत्रापासून ‘डॉइच’ हे जर्मनांचे स्वतःचे नाव सिद्ध झाले. डोंगर आणि त्याच्या आश्रयाने राहणारा समुदाय ही दोन वेगळी पण अविभाज्य दैवते असल्याप्रमाणे त्यांचे शुद्धीकरण केले जाई.

परंतु समुदायाची व्याख्या करताना त्याबाहेरचे कोण हेही सांगावे लागते. लोकशुद्धीच्या विधीत तादिनेट, एट्रुस्कन, नाहार्कन व यापुद या चार परकीय समाजांतील कोणी उपस्थित असल्यास त्याने निघून जावे, अशी घोषणा करण्यात येई आणि त्यांच्यावर भय व विनाश ओढवावा म्हणून देवतांना आवाहन केले जाई. यांपैकी तादिनेट म्हणजे काही मैलांवरील तादिनुम नगराचे रहिवासी, अर्थात प्रत्यक्ष शेजारी. माणसे व गुरे सुखरूप राहावीत अशी याचना करणारी आणि शेजाऱ्याचा नाश इच्छिणारी प्रार्थना एकाच विधिसंहितेतील आहे, हे विसरता येत नाही.

भाषेचा अस्त

इगुविउम हे रोमचे करारबद्ध मित्रनगर होते. इ. स. पू. १६७ मध्ये रोमने पराभूत केलेल्या इलिरियाच्या गेन्तिउस राजाला येथेच नजरकैदेत ठेवण्यात आले, असे लिव्हीच्या इतिहासावरून कळते. इ. स. पू. ९१ ते ८८ या काळातील मित्रराष्ट्रांच्या युद्धानंतर इटलीतील मित्रनगरांना रोमन नागरिकत्व मिळाले आणि लॅटिन ही प्रतिष्ठेबरोबर व्यवहाराचीही भाषा झाली.

या पार्श्वभूमीवर सहाव्या व सातव्या पटांकडे पाहिले म्हणजे त्यांच्या विस्ताराचे एक संभाव्य कारण पुढे येते. जोवर पुरोहिताला प्रार्थना मुखोद्गत होत्या, तोवर त्या लिहून ठेवण्याची गरज नव्हती; केवळ क्रमाची सूचना पुरे होती. ज्या पिढीने त्या लॅटिन लिपीत अक्षरशः उतरवून घेतल्या, त्या पिढीचा स्मृतीवरील विश्वास कमी झाला असावा. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. तथापि लिपी बदलणे आणि पाठ विस्तारणे या दोन घटना एकाच वेळी घडल्या, एवढे मात्र पटांवरच दिसते.

इ. स. पू. पहिल्या शतकात डोंगराच्या पायथ्याच्या मैदानात उभारलेल्या नाट्यगृहाशी संबंधित शिलालेखात नाएउस सात्रिउस रुफुस या नगराधिकाऱ्याने स्वतःच्या खर्चाने केलेल्या बांधकामांची नोंद आहे. हा लेख शुद्ध लॅटिनमध्ये आहे. कांस्यपट आणि हा शिलालेख यांच्यातील अंतर कालदृष्ट्या फार नाही. परंतु त्या अंतरात एक भाषा सार्वजनिक जीवनातून नाहीशी झाली.

मध्ययुगीन नगर

रोमन साम्राज्याच्या ऱ्हासानंतर मैदानातील वस्ती आक्रसत जाऊन नगर पुन्हा उतारावर सरकले. बाराव्या शतकात स्वायत्त नगरराज्य म्हणून त्याचा उदय झाला. या काळातील प्रमुख व्यक्ती म्हणजे बिशप उबाल्दो. शेजारच्या नगरांच्या संयुक्त आक्रमणाच्या वेळी नगराला त्याने धीर दिला आणि ११५५ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसापासून नगर वाचविले, असे परंपरा मानते. ११६० मध्ये १६ मे रोजी त्याचे निधन झाले. ११९२ मध्ये त्याला संतपद देण्यात आले आणि ११९४ मध्ये त्याचे शरीर मोंते इंजिनोवर नेण्यात आले. आजचे त्याचे मंदिर तेथेच आहे. संत फ्रान्सिसने गुब्बिओतील हिंस्र लांडग्याला माणसाळविल्याची प्रसिद्ध आख्यायिका याच नगराशी निगडित आहे.

चौदाव्या शतकात नगराच्या समृद्धीला स्थापत्यात रूप मिळाले. सान मार्तिनो, सान जुलिआनो, सांत आंद्रेआ व सान पिएत्रो या चारही विभागांना जवळ पडेल अशा जागी शासनाचे प्रासाद उभारावयाचे, असा निर्णय १३२१–२२ च्या सुमारास झाला. अशी जागा उतारावर होती; सपाटी नव्हतीच. म्हणून प्रचंड कमानींच्या आधाराने डोंगराच्या बाहेर काढलेला एक चौक बांधण्यात आला. या अधांतरी चौकाच्या एका टोकास १३३२ ते १३४९ या काळात पालात्सो देइ कोन्सोली हा नगरप्रासाद पूर्ण झाला. समोरचा पालात्सो प्रेतोरिओ मात्र अपुराच राहिला. नगरप्रासादाच्या दर्शनी दरवाजावर आंजेलो दा ऑर्व्हिएतो याचे नाव आहे. रचनेचे श्रेय गुब्बिओच्याच मात्तेओ गात्तापोने यासही दिले जाते. मनोऱ्यातील ‘काम्पानोने’ ही सुमारे दोन टनांची घंटा १७६९ मध्ये ओतलेली असून घंटावादक ती पायांच्या जोरावर वाजवितात. कांस्यपट याच प्रासादात आहेत.

१३८४ मध्ये गुब्बिओ मोंतेफेल्त्रो घराण्याच्या अमलाखाली आले. या घराण्याचा सर्वांत विख्यात पुरुष फेदेरिको १४२२ मध्ये गुब्बिओतच जन्मला. त्याच्या येथील राजवाड्यातील लाकडी जडावकामाची अभ्यासिका आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे; त्या संस्थेने ती १९३९ मध्ये संपादन केली. नगराने विकत घेऊन राखलेले कांस्यपट जागच्या जागी राहिले आणि सरदाराच्या वैभवाचे चिन्ह समुद्रापार गेले, हा विरोध नोंदविण्याजोगा आहे. १६३१ मध्ये नगर पोपच्या राज्यात विलीन झाले आणि १८६० मध्ये एकीकृत होत असलेल्या इटलीत सामील झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या २२ जून रोजी, जर्मन सैन्याने सूड म्हणून येथील चाळीस नागरिकांना गोळ्या घातल्या. त्यांचे स्मारक नगराच्या पायथ्याशी आहे.

चेरी उत्सव आणि अखंडतेचा प्रश्न

संत उबाल्दोच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, म्हणजे १५ मे रोजी, गुब्बिओत ‘चेरी’ उत्सव होतो. प्रत्येकी अडीचशे किलोंहून अधिक वजनाचे तीन उंच लाकडी स्तंभ खांद्यांवर घेऊन तरुणांचे गट गल्ल्यांतून धावतात आणि डोंगरावरील मंदिरापर्यंत ते पोहोचवितात. स्तंभांच्या माथ्यावर अनुक्रमे संत उबाल्दो, संत जॉर्ज व संत अँथनी यांच्या मूर्ती असतात. एकाने दुसऱ्याला मागे टाकावयाचे नसते. उबाल्दोचा स्तंभ नेहमीच अग्रभागी असतो. या तीन स्तंभांची आकृती १९७३ पासून उंब्रिया प्रदेशाचे अधिकृत चिन्ह आहे. साथीच्या रोगामुळे २०२० व २०२१ मध्ये ही धाव झाली नाही.

तीन द्वारे, तीन ग्राबोविउस देवता आणि तीन स्तंभ; शिवाय पटांतील ‘चेर्फुस’ हे देवतानाम, रोमन धान्यदेवता ‘केरेस’ आणि ‘चेरी’ हा शब्द. या साम्यांवरून आजचा उत्सव हा उंब्रियन विधीचा अवशेष होय, असे मत वेळोवेळी मांडले गेले आहे. ते आकर्षक आहे. परंतु शब्दाच्या कसोटीस उतरत नाही. ‘चेरो’ (बहुवचन ‘चेरी’) याचा इटालियनमधील अर्थ मोठी मेणबत्ती असा आहे आणि तो लॅटिन ‘केरेउस’ (मेणाचा) यापासून, म्हणजेच ‘केरा’ (मेण) या शब्दापासून आला. ‘केरा’मधील ‘ए’ दीर्घ आहे, ‘केरेस’मधील पहिला ‘ए’ ऱ्हस्व. लॅटिनमधील दीर्घ ‘ए’चा इटालियनमध्ये संवृत ‘ए’ होतो, ऱ्हस्वाचा विवृत. आजच्या उच्चारात ‘चेरो’तील ‘ए’ संवृतच आहे. तेव्हा शब्दाचे मूळ मेणात आहे, धान्यदेवतेत नव्हे. संताच्या पुण्यतिथीच्या पूर्वसंध्येस मेणबत्त्या अर्पण करण्याच्या मध्ययुगीन प्रथेशीही हे जुळते. तीन या संख्येवरून काही सिद्ध होत नाही. ती कोणत्याही विधीत येऊ शकते.

मग प्राचीन इगुविउम आणि आजचे गुब्बिओ यांच्यात नाव सोडल्यास काहीच सातत्य नाही काय? आहे, पण ते देवतांचे वा शब्दांचे नसून भूमीच्या रचनेचे आहे. डोंगर आणि नगर यांचे जे द्वंद्व पटांतील ‘ओकर’ आणि ‘तोता’ या शब्दांनी व्यक्त केले, ते त्या उतारावर राहणाऱ्या प्रत्येक समाजापुढे नव्याने उभे राहिले. उंब्रियन पुरोहितांनी डोंगर व नगर यांसाठी एकत्र प्रार्थना केली. मध्ययुगीन नगरसभेने डोंगरातून चौक काढला आणि आपल्या संताला माथ्याजवळ ठेवले. आजचे नागरिक वर्षातून एकदा नगरातून डोंगरावर धावत जातात. यांतील एक दुसऱ्याचा वारस असल्याचा पुरावा नाही. समान परिस्थितीने समान उत्तरे दिली, एवढेच म्हणता येते, आणि ते पुरेसे आहे.

सांस्कृतिक अवशेषांचे संशोधन करणाऱ्यास गुब्बिओपासून घेण्याजोगा बोध हाच की, ज्या साम्यामागे ध्वनिनियम अथवा दस्तऐवज उभा आहे ते साम्य, आणि केवळ सुखद वाटते म्हणून जे स्वीकारले जाते ते साम्य, यांची गणना एकाच रकान्यात करू नये. ‘पिर’ आणि ‘उतुर’, ‘वेइरो’ आणि ‘पेक्वो’ या शब्दांनी ही कसोटी उत्तीर्ण केली, म्हणूनच मृत झालेली एक भाषा दोन हजार वर्षांनी पुन्हा वाचता आली. १४५६ मध्ये ज्यांनी कुरणांचे हक्क देऊन सात अगम्य पट राखले, त्यांना त्यांतील एकही ओळ कळली नव्हती. परंतु त्यांनी त्यांना सोयीचा अर्थ चिकटविण्यापूर्वी ते जपून ठेवले. पुढील सर्व वाचन त्या जपणुकीमुळे शक्य झाले.